बुंधा मागे होता

गोव्यातल्या सर्वण गावात दत्ताराम गावस कोण म्हणून विचारलंत तर माणसं क्षणभर आभाळाकडे बघतात. दोरी दत्ता म्हणालात तर घरापर्यंत आणून सोडतात. बावन्न वर्षांचा, काटक, तळहातांना दोरीचे घट्टे पडलेला माणूस. खाणी चालू होत्या तेव्हा तो दहा चाकी टिप्पर चालवायचा. खाणी थांबल्या, टिप्पर गेला, आणि डोंगर ओतणाऱ्या हातांत सात फुटी हौद्याची एक पांढरी पिकअप आली. सुरुवातीला तो गाडीत चढायचा तेव्हा सवयीनं पाय उंच उचलायचा, आणि माणसं हसायची.

पण त्या खेळण्याएवढ्या गाडीतून त्यानं नाव कमावलं. डिचोलीच्या लाकडाच्या गिरणीवर कुणी घराचे वासे घ्यायला आला की गिरणवाला आधीच सांगायचा, "दत्ताक बोलव. दुसरो कोण न्हेत तर वाटभर पेरीत जातलो." वासे, पोफळीचे सोट, लोखंडी पाइप, मांडवाचे बांबू, जे जे गाडीपेक्षा लांब ते ते दत्ताचं. पाच जण दहा मिनिटांत भरतील तो माल भरायला तो तास लावायचा. आधी नुसता बघत उभा राहायचा. मग एक लाकूड उचलून त्याचं वजन कुठल्या टोकाला आहे ते हातानं जोखायचा. केबिनच्या डोक्यावर त्यानं लोखंडी कठडा करून घेतला होता. लाकडाचं पुढचं टोक त्यावर टेकवायचं, मागचं टोक हौद्याच्या फळीवरून बाहेर काढायचं, आणि मग दोरी. पुढं एक, मध्ये एक, मागं एक. त्याची बायको लक्ष्मी म्हणायची, ह्या माणसानं लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्रसुद्धा तीन गाठी मारून बांधलं.

निघाल्यावर दोन किलोमीटरवर तो चहाला थांबायचा. नव्या माणसाला वाटायचं, काय हा आळशी, आत्ता तर निघालो. पण चहा हे निमित्त. लाकूड हादऱ्यानं बसतं, दोरी सैल पडते, ती परत ओढून घ्यायला हवी, म्हणून थांबायचं. आणि सगळ्या शेवटी, मागच्या टोकाला तांबडं फडकं. त्याचा एक मंत्रच होता, तो ऐकून ऐकून गिरणीवरच्या हमालांना पाठ झाला होता: बुंधो पुढें, शेंडो मागें, शेवटाक तांबडा फडका.

ह्यातलं बुंध्याचं तेवढं नीट समजून घ्यायला हवं. झाडाचं वजन बुंध्यात असतं. लाकूड कितीही तासलं तरी बुंध्याकडचं टोक जाड आणि जड, शेंड्याकडचं निमुळतं आणि हलकं. जड टोक मागं लोंबत ठेवलं की ते गाडीची मागची बाजू दाबतं आणि पुढची उचलतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग फिरतं पण गाडी वळत नाही. गौरेश नावाचा एक ड्रायव्हर, तिशीतला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, त्यानं एकदा गिरणीवर घाईत जाड टोकं मागं टाकून माल भरला. दत्तारामनं त्याला सगळा माल उतरवायला लावला. पंधरा माणसांसमोर. वर म्हणाला, "गाडयेची मुंडी हलकी करून वाटेर जाता तो ड्रायव्हर न्हय, तो खुनी."  मान खाली घालून गौरेशनं एकेक वासा फिरवला.

दत्तारामची मुलगी हर्षा गेल्या डिसेंबरात पेडणे तालुक्यातल्या तुयेला दिली. जावई परेश तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. घर चांगलं, माणसंही तशी वाईट नाहीत. व्याही गोपाळ पेडणेकर, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टाचे, बोलण्यात गोड आणि मोजके. फक्त एक होतं. व्याही दत्तारामला "ड्रायव्हर" म्हणायचे. वाईट बुद्धीनं नव्हे, पण म्हणायचे. "इलो आमचो ड्रायव्हर," असं लग्नाच्या मांडवातही म्हणाले होते आणि मांडव हसला होता. दत्तारामही हसला होता. मुलीच्या बापानं हसायचं नाही तर कुणी?

एप्रिलात व्याह्यांनी घराचं मागचं छप्पर नवीन करायला काढलं. दत्तारामच्या अंगणात एक जुना फणस होता, वीज पडून अर्धा सुकलेला. परवानगी काढून तो पाडला, आणि दत्तारामनं ठरवलं की लेकीच्या घराचं आढं आपल्या झाडाचं व्हायला हवं. आढं म्हणजे छपराच्या अगदी माथ्यावरचं लाकूड, सगळे वासे ज्यावर टेकतात ते. अठरा फूट लांब. बुंध्याकडं नऊ इंच, शेंड्याकडं जेमतेम सहा. सोबत त्याच फणसाचे आणि गिरणीवरच्या किंदळाचे मिळून चोवीस वासे. हे सगळं आपल्याकडून. व्याह्यांनी नको नको म्हटलं आणि मग बरं म्हटलं.

ज्या दिवशी माल न्यायचा त्या सकाळी व्याही स्वतः सर्वणाला आले. सोबत परेश, हातात नारळ आणि हळदकुंकू. आढ्याची पूजा करून ते घरी न्यायचं, आणि अकराच्या आत तुयेच्या अंगणात उतरवायचं, असा त्यांनी मुहूर्त काढला होता. वाड्यावरची आठदहा माणसं उचलायला जमली होती. दत्तारामनं पहाटेपासून खपून गाडी भरून ठेवली होती. बुंधे पुढं केबिनवर, शेंडे मागं, तीन दोऱ्या, फडकं. नवरदेव सजवावा तशी.

व्याह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग आढ्याच्या जाड टोकावर हात ठेवला.

"हें उलटा झाला," ते म्हणाले.

दत्तारामला वाटलं, गाठीबद्दल बोलतात. पण ते टोकाबद्दल बोलत होते. त्यांच्या घराण्यात म्हणे आढं घरी आणताना शेंडा पुढं असतो. झाड जिकडं वाढतं तिकडून ते घरात शिरलं पाहिजे. बुंधा म्हणजे झाडाचे पाय.

"पाय पुढें करून माणूस घराभायर जाता," व्याही शांतपणे म्हणाले. "घरात येणा नाय."

जमलेल्या माणसांपैकी दोघातिघांनी माना हलवल्या. खरंच आहे, मढं पाय पुढं करूनच नेतात. दत्ताराम म्हणाला, "व्याह्यांनू, पण वाटेर..." आणि थांबला. त्याच्या मनात उत्तर तयार होतं, आणि ते अगदी सोपं होतं. वाटेनं बुंधा पुढं ठेवू. तुमच्या फाटकाशी पोचलो की सहा माणसं आढं उतरवून फिरवतील आणि शेंडा पुढं करून खांद्यावरून आत नेतील. लाकडाचाही मान राहिला, गाडीचाही. एवढंच बोलायचं होतं.

ते बोलायच्या आधी व्याह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे दत्तारामबाब समजदार. तेंका सांगाक लागणा नाय."

दत्तारामबाब. ड्रायव्हर नव्हे, दत्ता नव्हे, दोरी दत्ता तर नव्हेच. बाब म्हणजे पाटाला पाट लावून बसायचा माणूस. लक्ष्मी दारात उभी होती, तिनंही ते ऐकलं आणि पदर सारखा केला. दत्तारामच्या छातीत काहीतरी गोड पसरलं. आणि ते गोड तोंडात असताना त्याला आपलं सोपं उत्तर बोलता आलं नाही. त्यानं गाठी सोडल्या. आढं फिरवलं, आणि एक फिरवलं म्हणून चोवीसच्या चोवीस वासे फिरवले, कारण आढ्याचा शेंडा पुढं आणि वाशांचे बुंधे पुढं, असं कसं चालेल. अर्धा तास गेला. फडकं त्यानं आता बुंध्यांना बांधलं. गाठी पहिल्यापेक्षा घट्ट मारल्या. माणूस मनातून हलला की हात जास्त जोर लावतात.

व्याही स्कूटरनं पुढं गेले. परेश दत्तारामच्या शेजारी बसला.

दोन किलोमीटरवर तो थांबला. चहा घेतला नाही. गाडीभोवती फिरून दोऱ्या बघितल्या, तारेसारख्या ताठ होत्या. मग तो मागं उभा राहून त्या जाड टोकांकडे बघत राहिला. साडेपाच फूट बाहेर, सगळं वजन तिकडं. गाडीचा पार्श्वभाग खाली बसलेला, नाक वर. बैल बसायच्या आधी मागचे पाय दुमडतो तशी गाडी दिसत होती. अजूनही फिरवता आलं असतं. पण दोघांनी अठरा फुटी आढं फिरवायचं कसं, आणि परेश खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "पप्पा, बाबा वाट बघतले. अकरा वाजतले." दत्ताराम परत बसला.

अस्नोड्याच्या गतिरोधकावर गाडीनं नाकानं उडी मारली. परेश हसला, म्हणाला, घोड्यार बसल्यासारखा वाटता. कोलवाळच्या पुलावर वाऱ्यात स्टेअरिंग इतकं हलकं लागलं की पाण्यात हात फिरवतोय असं वाटावं. दत्ताराम तिशीच्या पुढं गेला नाही. मागच्या गाड्या हॉर्न मारत राहिल्या. तो स्वतःशी म्हणत होता, सपाटी आहे, चाललंय. सपाटी आहे, चाललंय.

पुलापलीकडच्या एका गावात चढ आहे, आणि चढावरच उजवीकडे वळण. वळणाच्या डाव्या अंगाला चिऱ्यांची गडगी, म्हणजे बुटकी भिंत, आणि गडगीला पाठ लावून आनंदी बसते. कुठलाही ड्रायव्हर तिला ओळखतो. पन्नाशीची बाई, मोठी छत्री, पुढ्यात उलटा क्रेट, त्यावर ऋतूप्रमाणे अळसांदे, तांबडी भाजी, सोलं, एप्रिलात मानकुराद आंबे. अठरा वर्षं ती त्याच जागेवर बसते. दत्ताराम तिच्याकडून आंबे घ्यायचा आणि घासाघीस करताना ती त्याला म्हणायची, गाठ मारतंस तसो भाव पण आवळतंस.

चढ लागला आणि सगळं वजन आणखी मागं गेलं. दत्तारामनं उजवीकडे स्टेअरिंग फिरवलं. ते फिरलं. गाडी फिरली नाही. सरळ गडगीकडे जाऊ लागली. त्यानं आणखी फिरवलं आणि ब्रेकवर पाय दिला. नाक धपकन खाली आलं, चाकांनी एकदम रस्ता धरला, आणि गाडी उजवीकडे झटका मारून वळली. गाडी वाचली. पण मागची साडेपाच फूट जाड टोकं डावीकडे फिरली, शेपटीसारखी, गडगीच्या अंगानं. तांबडं फडकं आनंदीच्या तोंडावरून गेलं. तिनं उजवा हात वर केला होता.

हात मोडला. कोपराखालची दोन्ही हाडं. छत्री गडगीपलीकडे गेली, आंबे उतारावरून पुलाच्या दिशेनं धावत सुटले आणि माणसं आधी आंब्यांमागं धावली की बाईकडे, ते दत्तारामला आठवत नाही. त्याला एवढंच आठवतं की तो उतरला तेव्हा त्याचे डोळे सवयीनं आधी दोऱ्यांकडे गेले. एकही सुटली नव्हती. एक काडीसुद्धा पडली नव्हती. मग त्यानं आनंदीकडे बघितलं. हा क्रम तो अजून विसरू शकलेला नाही.

परेशनं घरी फोन लावला. फोनच्या पलीकडचा आवाज दत्तारामला शेजारी उभ्यानं ऐकू आला. व्याह्यांचा पहिला प्रश्न होता, "आढ्याक कांय जावक नाय मरे?"

कुणीतरी आनंदीला गाडीत घालून म्हापशाच्या इस्पितळात नेलं. पोलीस आला, त्यानं टेप लावून अंतर मोजलं, फोटो काढले. जमलेल्यांत चारजण दत्तारामचे जुने गिऱ्हाईक निघाले. ते पोलिसाला गाडी दाखवू लागले. ही गाठ बघा, साहेब. हें फडका बघा. हो दोरी दत्ता, ह्याची चूक जावची नाय. ती बायल रस्त्याच्या तोंडार बसता, कोणतरी कधीतरी उडवतलोच होतो. पोलिसानं गाठीला हात लावून बघितला आणि वहीत काहीतरी लिहिलं. दत्ताराम फडक्याकडे बघत उभा होता. लोकांना वाटलं, बिचारा घाबरलाय.

त्याला स्टेअरिंगला हात लावायचा धीर होईना, म्हणून माल पुढं न्यायला गिरणवाल्यानं दुसरी गाडी पाठवली. ती घेऊन आला गौरेश. त्यानं दत्तारामची गाडी मागून बघितली. एकदा. मग हमालांच्या मदतीनं माल आपल्या गाडीत घेताना त्यानं एकेक लाकूड फिरवलं आणि बुंधा पुढं घातला.  निघताना फक्त म्हणाला, "दत्ताभाव, पाणी पिया." दत्तारामला वाटलं, ह्यानं पंधरा माणसांसमोर आपल्याला खुनी म्हणायला हवं होतं. ते सोसलं असतं.

आनंदीच्या हातात सळई घातली. दत्ताराम तिसऱ्या दिवशी गेला, केळी आणि गरम पाव घेऊन. तिची मुलगी समीक्षा आईवर चिडली होती. किती वर्षं सांगतेय रस्त्यावर बसू नको, कुणी ऐकतंय का. आनंदी हसली, आणि दत्तारामला म्हणाली, "दत्ताबाब, तुमी मनाक लावन घेव नकात. मीच मेली वाटेर बसलंय. तुमची काय चूक?"

बाब म्हणाली. तुमी म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कारण तो अंगावर बरा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन, माणसासारखा भेटायला आला होता. दत्तारामनं पिशवी तिच्या पुढ्यात सरकवली. तो म्हणाला, पाव गरम असा तवसर खावा. एवढंच म्हणाला. आणि पुढच्या दिवशी परत गेला. आठवडाभर तो रोज गेला, काहीतरी नेत राहिला, आणि रोज जिन्यावर ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज खाटेशी पोचल्यावर केळ्यांबद्दल बोलायचा. खाटेवरची बाई त्याला बाब म्हणत राहिली. घरी लक्ष्मी म्हणाली, "खूप करतास ओ तुमी तिच्याखातीर. चूक तिची, आनी पायपीट तुमची." तो जेवणावरून उठला.

तेवढ्यात त्या गावच्या पंचायतीनं विषय काढला. वळणावरच्या विक्रेत्या हलवायच्या. आनंदीसह तिघीजणी. त्यांना आतल्या गल्लीत जागा देणार, जिथं शेजारच्या कोंबड्यांखेरीज कुणी फिरकत नाही. आनंदीसारखीचं गिऱ्हाईक म्हणजे जाणाऱ्या गाड्या. वळण गेलं की पोट गेलं. सोमवारी बैठक, आणि अपघात कसा झाला ते सांगायला ड्रायव्हरला बोलावणं.

आदल्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड. म्हणाले, उद्या जास्त बोलायचं कारण नाही. गाडी नीट भरली होती, बाई रस्त्यावर होती, विषय संपला. आमच्या आढ्याचं कुठं काही नाव निघायला नको, घरात नवी सून आहे, लोक काहीतरी जोडतात. "नवी सून" म्हणताना ते किंचित थांबले. दत्तारामनं हो हो म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याला कळलं की आपण पुन्हा एकदा हो म्हटलं.

बैठकीत तीस-पस्तीस माणसं होती. सरपंच बाईंनी विषय वाचून दाखवला. आनंदी हात गळ्यात बांधून मागच्या बाकावर बसली होती, आणि मान हलवत होती, जणू हलवा बाबांनो मला, चूक माझीच. एका पंचानं दत्तारामला उभं केलं. म्हणाला, ह्यांची गाडी आपण सगळे ओळखतो, ह्यांच्या मालाची काडी कधी रस्त्यावर पडली नाही. तर तुम्हीच सांगा, त्या दिवशी बाई कुठं बसली होती?

दत्ताराम उभा राहिला. त्याची नजर समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मेस्तावर, सुतारावर, पडली. कानाला पेन्सिल, सत्तरीचा माणूस. लाकूड ओळखणारा एक तरी डोळा समोर आहे हे बघून त्याची जीभ सुटली, की अडकली, कोण जाणे. पण आवाज आला.

"बुंधो मागें होतो."

बाकीच्यांना काही कळलं नाही. मेस्ताला कळलं. त्यानं मान वर केली.

"खंयचो बुंधो?"

"सगळ्यांचो. आढ्याचो आनी वाशांचो. ती खंय बसली होती तेचो प्रश्न नाय. ती थंयच होती, अठरा वर्सां असा थंयच. माझी गाडी वळाक नाय. मुंडी हलकी झाली होती."

पंच म्हणाला, पण दोऱ्या, फडकं, सगळं नीट... दत्ताराम म्हणाला, चुकीचा माल बरोबर बांधला होता. मेस्त उठून उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या घराचे वासे दत्तारामनंच आणलेले होते.

"तुया घातलंस बुंधो मागें? तुया?"

"मीयां."

"कित्याक?"

 व्याह्यांचं नाव सांगता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण हात त्याचे होते, गाठी त्याच्या होत्या, आणि तोंडातलं सोपं उत्तर त्यानंच गिळलं होतं. तो खाली फरशीकडे बघत म्हणाला, "बरो दिसूक."

कुणी हसलं नाही. ते वाईट झालं. हसले असते तर सुटल्यासारखं वाटलं असतं. पंखा फिरत होता आणि सरपंच बाई कागद सारखे करत होत्या. मेस्त परत बसला, त्यानं कानावरची पेन्सिल काढून खिशात घातली आणि दुसरीकडे बघू लागला. एखाद्याचं धोतर सुटलं तर शहाणा माणूस बघतो तसं.

विक्रेत्या राहिल्या. दत्ताराम तिथून सरळ पोलीस स्टेशनला गेला आणि हेच सगळं जबाबात लिहून दिलं. पुढं लायसन्स तीन महिने अडकलं, ते काही विशेष नाही.

पण त्याआधी, पंचायतीच्या पायऱ्यांवर आनंदी त्याच्यासाठी थांबली होती. त्याला वाटलं, निदान एक माणूस बरं बोलेल. तिनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं, आणि म्हणाली, "आठ दीस तू येयत होतंस. केळी हाडीत होतंस. आठ दीस माझ्या चेडवान, समीक्षान, माझे वाभाडे काढले, वाटेर कित्याक बसलंस म्हणान, आनी तू खाटीर बसान ऐकीत होतंस."

"धाडस जावक नाय," तो म्हणाला.

"केळी हाडूक धाडस झाला," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं पदर सावरत पायऱ्या उतरली. बाब नाही, तुमी नाही.

तुयेला बातमी त्याच्याआधी पोचली. त्यानं नाव घेतलं नव्हतं, पण ते आढं आणि चोवीस वासे कुणाच्या घराला चालले होते हे सगळ्या पेडण्याला ठाऊक होतं. व्याह्यांनी भांडण केलं नाही. त्यांनी फक्त ते आढं बसवलं नाही. ज्या लाकडानं बाईचं रक्त काढलं ते माथ्यावर कसं घ्यायचं? छपराला लोखंडी पाइप आले. फणसाचं आढं अंगणाच्या कडेला चार चिऱ्यांवर पडून राहिलं. हर्षानं फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज सपाट होता. म्हणाली, मी त्याच्यावर बाळंत मांजरीसाठी पोतं घातलंय. मग थोडं थांबून म्हणाली, "बाबा, मामंजी आता तुका कायच म्हणनत नाय. ड्रायव्हर पण नाय." ती रागावली होती की त्याची कीव करत होती, हे त्यानं विचारलं नाही.

चतुर्थीच्या आधी लायसन्स परत मिळालं. गिरणीवर काम कमी झालं नव्हतं, उलट माणसं मुद्दाम त्याला बोलवत होती. चूक कबूल केली म्हणजे मोठा माणूस, असं कुणी कुणी म्हणू लागलं होतं. ते ऐकलं की दत्तारामला जागा सोडून जावंसं वाटायचं. आता तो मंत्र म्हणत नाही. गौरेश माल भरत असला तर त्याच्याकडे बघतही नाही. स्वतःची गाडी भरून झाली की कुणीतरी दुसऱ्यानं मागून बघावं म्हणून उगीच रेंगाळतो.

पेडण्याकडचा पहिला फेरा त्यानं रिकाम्या गाडीनं केला. पूल ओलांडला, चढ लागला. आनंदी तिच्या जागेवर होती, नवी छत्री, क्रेटवर काकड्या आणि दोडकी. पांढरी गाडी दिसताच ती उठली. भाजी तशीच टाकून गडगीच्या पलीकडे गेली आणि उजवा हात डाव्या हातात धरून उभी राहिली, गाडी जाईपर्यंत. शेजारच्या दोघीही उठल्या. दत्तारामनं पहिला गिअर टाकला आणि चालत्या माणसाइतक्या वेगानं वळण घेतलं. हौद्यात काहीच नव्हतं.

तुयेला जायला आगरवाड्याकडून दुसरा रस्ता आहे, थोडा लांबचा. लक्ष्मी तोच घ्या म्हणते. तो घेत नाही. आठवड्यातून दोनदा तो त्या चढावर पोचतो, ती उठून गडगीपलीकडे जाते, आणि तो काचेतून तिच्याकडे न बघता हळूहळू वळतो.